सिनेमा क्रमांक सतरा, बोटीपर्यंत

१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७.१०

सुट्टी लागली. दुकान आता थेट सोमवारी, ११ तारखेला उघडणार.

शाळांच्या स्पर्धा संपल्या की ट्रॉफ्यांचा सीझन संपतो आणि मालक दरवर्षी दुकान आठवडाभर बंद ठेवतात. आमच्याकडे ट्रॉफ्या, पदकं आणि दारावरच्या पाट्या होतात. पाट्यांवरची अक्षरं मी कोरतो. सहा वर्षांत एकही अक्षर चुकलेलं नाही. एकदा चुकलं होतं, पण ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने तसं लिहून दिलं होतं. चिठ्ठी जपून ठेवली आहे.

आज शटर ओढण्याआधी मालकांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. बाजाराच्या पलीकडे नवीन शाखा निघतेय, तिला शाखाप्रमुख लागेल. आणि सुट्टीच्या शेवटच्या रविवारी, १० तारखेला, सगळा स्टाफ घरच्यांसकट सिनेमाला जाणार. जुन्या थिएटरचा सकाळचा अख्खा शो मालकांनी घेतलाय. थिएटरवाले आपण सांगू तो जुना सिनेमा लावतात. कुठला लावायचा, असा प्रश्न निघाला. पॉलिशवाले काका म्हणाले, हा बसलाय की आपला सिनेमावाला, वर्षभर आमचे कान किटवतो, होऊ दे त्याचा एकदा उपयोग. सगळे हसले. मीही नम्रपणे हसलो.

मालक हसले नाहीत. म्हणाले, ठरव तूच. माणसाची निवड पाहिली की माणूस कळतो. आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे घड्याळ आहे, पण घड्याळाकडे पाहायचं असतं तर नजर जरा वर गेली असती.

न कळायला मी दूधखुळा नाही. ही शाखाप्रमुखाची परीक्षा आहे.

संकल्प: रोज दोन सिनेमे. नऊ दिवसांत अठरा. प्रत्येकावर अर्धं पान टिपण. त्यातून एक निवड. नखं खायची नाहीत. जेवताना आईला गोष्ट सांगायची नाही.

२ मार्च, शनिवार

सिनेमे पाहिले: शून्य. पण वहीला समास आखून झाले. आखलेली वही म्हणजे अर्धं काम.

वहीत आजवर २१४ सिनेमे आहेत. नावं लिहीत नाही, क्रमांक लिहितो. वही कोणाच्या हाती लागली तर आयुष्यभराची मेहनत फुकटात जायला नको. कुठला क्रमांक म्हणजे कुठला सिनेमा, हे दुसऱ्या वहीत आहे. ती वही आईने कपाट आवरताना कुठेतरी ठेवलीय. कुठे, ते तिलाच आठवत नाही. म्हणजे सुरक्षित आहे.

विचार: सुट्टीत सुट्टीचेच सिनेमे पाहावेत. मला सगळ्यांत जास्त तेच आवडतात. एक बस असते, बसमध्ये गाणं असतं, एकाची टोपी उडते, एक लठ्ठ माणूस डबा घरी विसरतो. कोणी कामावर नसतं, त्यामुळे कोणाच्या हातून चूक होत नाही. मारामारीच्या सिनेमात माणसाला सारखं वाटत राहतं की आता काही होईल. सुट्टीच्या सिनेमात काही होत नाही. निदान पहिले दीड तास तरी.

३ मार्च, रविवार

मॅटिनीला क्र. २१५ पाहिला. बर्फातल्या हॉटेलचा. चार तारे. शेवटची वीस मिनिटं राहिली, कारण सायकल कोपऱ्यात अडकली होती आणि सगळा लोंढा बाहेर आला की ती निघत नाही. हा माझा नियमच आहे, गर्दीच्या आधी उठणं. दारावरचा माणूस मला ओळखतो. आज म्हणाला, आज दहा मिनिटं जास्त बसलात. मी म्हटलं, सिनेमाच तसा होता.

संध्याकाळी ताई आणि दाजी आले. दाजींना सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी विचारलं, मग त्या हॉटेलात चोर कोण निघाला? मी म्हटलं, चोर कोण हा मुद्दाच नाही, वातावरण पाहा. दाजी म्हणाले, मेव्हणे, खरं सांगा, तुम्हाला एका तरी सिनेमाचा शेवट माहीत आहे का? ताई फिसकन हसली. लहानपणी मी सिनेमातलं संगीत बदललं की तिचा हात सोडून बाहेर पळायचो, असं तिने सांगितलं. त्या वेळी मी पाच वर्षांचा होतो. आता सव्वीस आहे. आता मी पळत नाही, चालत जातो.

दाजींना एवढंच सांगितलं की शेवट साध्या प्रेक्षकाला लागतो. जाणकाराला मध्यापर्यंत सगळं समजलेलं असतं.

४ मार्च, सोमवार

आईबरोबर टीव्हीवर क्र. ६३ पुन्हा. नायिकेच्या हातात पत्र आलं तेव्हा आठवलं की गच्चीचं दार उघडं असेल. गेलो. बंद होतं. पण मग गच्चीवर गेलोच आहे तर कपडे आणावेत म्हटलं. ओले होते, म्हणून वाळेपर्यंत थांबलो.

खाली आलो तर आई डोळे पुसत होती. काय झालं ते सांगू लागली. मी म्हटलं, राहू दे, मला माहीत आहे.

नखं: उजव्या हाताची सुरक्षित.

५ मार्च, मंगळवार

अठराचा आकडा अवास्तव होता. आकड्यापेक्षा दर्जा महत्त्वाचा. नवा संकल्प: जे पाहिलेले आहेत त्यांतूनच निवडायचं.

दुपारपर्यंत तीन उरले. क्र. ८८, दोन भावांचा आणि एका गिरणीचा. बाद, मालकांचा त्यांच्या भावाशी अबोला आहे. क्र. १४१, भुताच्या बंगल्याचा. बाद, पॉलिशवाल्या काकांची नात घाबरेल. (मी घाबरत नाही.)

उरला क्र. १७. खरं तर पहिल्या दिवसापासून माझ्या मनात तोच होता.

क्र. १७ माझा सर्वांत आवडता सिनेमा आहे. नऊ वेळा पाहिलाय. एका घड्याळांच्या कारखान्याचा मालक असतो, पांढरी टोपी घालणारा. दहा कामगार असतात. एके दिवशी तो कारखान्याला सुट्टी देतो आणि सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने तलावाकाठच्या बंगल्यात घेऊन जातो. बसमध्ये गाणं. म्हातारा कामगार पहिल्यांदाच तलाव पाहतो आणि चपला हातात घेऊन उभा राहतो, त्यावर मी नऊही वेळा रडलोय. मालक स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा देतो आणि म्हणतो, कारखाना माझा नाही रे, तुमचा आहे. मग सगळे एका मोठ्या बोटीत बसतात. बोट निघते. सारंगी सुरू होते.

इथपर्यंत सिनेमा निर्दोष आहे.

पुढे अर्धा तास आहे, पण योगायोग असा की दर वेळी त्या अर्ध्या तासात मला काही ना काही काम निघालं. एकदा पोट. एकदा छत्री. एकदा मला उगाच वाटलं की कोणी बाहेर हाक मारतंय.

मालकांचं मन ओळखून केलेली याहून चांगली निवड असूच शकत नाही. मालक, कामगार, सुट्टी. सगळं आमचंच.

६ मार्च, बुधवार

थिएटरच्या मॅनेजरना भेटलो. क्र. १७ सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, दुकानाचा शो आहे ना? मालक स्वतः येणार? मी म्हटलं, मालक, मालकीणबाई, सगळे, आणि मालकांना बाल्कनीतली पहिली रांग द्या. त्यांनी विचारलं, नक्की हाच? मी म्हटलं, नऊ वेळा पाहिलाय. मॅनेजरनी दारावरच्या माणसाकडे पाहिलं, दारावरच्या माणसाने छताकडे पाहिलं. मग मॅनेजर म्हणाले, धाडस आहे बुवा तुमच्यात.

धाडस आहेच. सोपा विनोदी सिनेमा कोणीही निवडला असता.

७ मार्च, गुरुवार

शो सुरू होण्याआधी दोन मिनिटं बोलायचं ठरवलंय. भाषण लिहिलं. सात वेळा शुद्धलेखन तपासलं.

संध्याकाळी दाजी आले. म्हणाले, बोलणार आहात तर एकदा शेवटपर्यंत पाहून तरी घ्या. त्यांच्या मोबाइलवर तो सिनेमा निघाला. त्यांनी बोट फिरवून थेट शेवटचा अर्धा तास लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मोठ्या कलाकृतीचा असा खिशातल्या पडद्यावर अपमान मला बघवत नाही, तरी त्यांच्या मानासाठी बसलो. सारंगी सुरू झाली. तेवढ्यात लक्षात आलं की जिन्यातला दिवा गेलेला असू शकतो. खालच्या किराणा दुकानातून बल्ब आणला.

दिवा गेलेला नव्हता. पण घरात एक बल्ब जास्तीचा असलेला बरा.

परत आलो तोवर दाजींनी सिनेमा संपवला होता. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, हाच दाखवणार? मालकांना? मी म्हटलं, हाच. दाजी म्हणाले, मग मी पण येतो, चुकवणार नाही.

बघा. शेवटी त्यांनाही गोडी लागली.

८ मार्च, शुक्रवार

काउंटरताईचा फोन. ती दुकानात काउंटर सांभाळते. वयाने दोन वर्षांनी मोठी, म्हणून सगळे ताई म्हणतात. कुठला सिनेमा ठरला ते विचारत होती. सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्याचा शेवट जरा वेगळा आहे असं ऐकलंय. मी म्हटलं, कलात्मक आहे. ती म्हणाली, म्हणजे कसा? मी म्हटलं, सांगितला तर मजा जाईल. ती म्हणाली, मग ठीक, तुम्ही पाहिलाय म्हणजे झालं.

काम चोख आहे तिचं, पण जोखीम घेण्याची वृत्ती नाही. शाखाप्रमुखाला ती लागते.

आईला शाखेचं सांगून टाकलं. अजून कोणाला सांगू नकोस असं बजावलं. तासाभराने तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी जिन्यात म्हणाल्या, काय साहेब.

१० मार्च, रविवार. सकाळी ८.००

पांढरा शर्ट. भाषण वरच्या खिशात, त्याची नक्कल पँटच्या खिशात. नखं: बोलायला नको.

त्याच दिवशी, दुपारी ३.००

यश. निर्विवाद यश. क्रमाने लिहितो.

भाषण उत्तम झालं. आवाज फक्त सुरुवातीला फाटला. शेवटचं वाक्य होतं: आजच्या सिनेमातला मालक पाहून आपल्या सर्वांना आपलेच मालक आठवतील. टाळ्या पडल्या. मालकांनी बाल्कनीतून हात हलवला.

बसमधल्या गाण्याला काकांची नात खुर्चीवर उभी राहिली. चपला हातात घेतलेल्या म्हाताऱ्याला पाहून काका नाक ओढत होते. मालक चहा देतो त्या प्रसंगाला मालकीणबाईंनी मालकांना कोपर मारलं, असं मागे बसलेल्या दाजींनी पाहिलं. मग बोट आली. सारंगी. मी विचार केला, निवड करणाऱ्याने बाहेर दाराशी उभं राहून पाहुण्यांना निरोप द्यायला हवा, आणि ती तयारी आधीपासून करायला हवी. उठलो.

बाहेर अर्धा तास उभा होतो. पॉपकॉर्नवाल्याला भाषण ऐकवलं. आत आधी शांतता. मग आणखी शांतता. मग एकदम टाळ्या, आणि एक लांब शिट्टी. ती काकांची होती. अशी शिट्टी काका फक्त दिवसाची शेवटची ट्रॉफी चमकली की मारतात.

सर्वांत आधी मालक बाहेर आले. घाईत होते. चेहरा लाल, भावना अनावर झालेल्या दिसत होत्या. माझ्यासमोर थांबले. म्हणाले, बरोबर ओळखलंस तू. एवढंच. मालकीणबाई माझ्याकडे न पाहता गेल्या, त्यांनाही रडू आलं असणार. मग काका आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, याला छाती लागते, बाळा. पदकं डब्यांत भरणाऱ्या दोघांनी मला जवळजवळ उचललंच. काउंटरताई नुसती पाहत राहिली. असूया समजू शकतो.

दाजी हसत होते. घरी येईपर्यंत हसत होते. विचारलं तर म्हणाले, काही नाही, सिनेमा छान होता.

आईने संध्याकाळी गोड करायचं ठरवलंय.

११ मार्च, सोमवार

दुकान उघडलं. मालक सकाळपासून केबिनमध्ये, दार लावून. मागच्या खोलीत ताडपत्रीने झाकलेलं भलंमोठं खोकं आलंय, सुट्टीत आलेलं दिसतं. शाखेचं फर्निचर असणार.

सगळे माझ्याशी फारच आदराने वागताहेत. काकांनी स्वतःच्या स्टुलावरची उशी मला दिली. चहा आधी मला. मग काकांनी हळूच विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हटलं, मला पहिल्यापासूनच माहीत होतं. काका म्हणाले, आणि एवढे दिवस पोटात ठेवलंस? मी म्हटलं, काका, अशा गोष्टी तोंडाने सांगून रंगत नाहीत, दाखवाव्या लागतात. काकांनी पॉलिशचं फडकं खाली ठेवलं. मग जाऊन सगळ्यांना एकेकाला बाजूला घेऊन तेच सांगत होते.

सिनेमाची गोडी कशी पसरते पाहा.

१२ मार्च, मंगळवार

आज एक गोष्ट कळली. शांतपणे लिहितो.

त्या खोक्यात फर्निचर नाही. पॉलिशचं यंत्र आहे. एक माणूस बटण दाबणार, यंत्र दिवसाला चारशे ट्रॉफ्या-पदकं चमकवून डब्यांत भरणार. काका आणि पदकं भरणारे दोघे, तिघांनाही काढायचं असं मालकांनी ठरवलं होतं. सुट्टीत यंत्र बसवायचं, सोमवारी सांगायचं. मेकॅनिक आला नाही म्हणून ते खोक्यातच राहिलं.

मी काकांना विचारलं, पण हे तुम्हाला कळलं कसं? काका माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी त्यांची परीक्षा घेतोय. म्हणाले, कसं म्हणजे? बोटीतून मंडळी उतरतात, बस परत येते, तर कारखान्याला नवं कुलूप. आत यंत्रं. आणि तो टोपीवाला वरच्या खिडकीतून बघतोय. सुट्टीवर न्यायचं आणि मागे कुलूप बदलायचं. पुढे तो म्हातारा मालकाची टोपी काढून कुलपावर टांगतो, तिथे मी शिट्टी मारली बघ. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की हा पोरगा उगाच हा सिनेमा निवडणार नाही. दिवे लागताच बाल्कनीच्या जिन्यात गाठून मालकांना तोंडावर विचारलं, दुकानात काही नवीन आलंय का? मालकांचा चेहरा पाहिलास ना तू? काल सकाळी ताडपत्री उचलून पाहिली, मग त्यांना सगळं कबूल करावंच लागलं.

चेहरा मी पाहिला होता.

दोनदा मागे जाऊन आलो.

दुपारनंतर नीट विचार केला. मला शेवटाची कल्पना नव्हती असं म्हणणं अतिरेकाचं होईल. नऊ वेळा पाहिलेल्या माणसाला आतून कुठेतरी कळलेलंच असतं. तेव्हा निवड जाणूनबुजून होती असंच म्हणायला हवं. फक्त शाखेचं काय, एवढा एकच प्रश्न आहे.

१३ मार्च, बुधवार

मालकांचा निरोप: उद्या अकरा वाजता केबिनमध्ये ये.

तातडीने कागद तयार केला. मजकूर: माननीय मालक, मी सदर सिनेमाचा शेवट आजवर एकदाही पाहिलेला नाही. मला यंत्राबद्दल काहीही माहिती नव्हती. माझा कोणताही हेतू नव्हता. आपला नम्र. हा कागद उद्या त्यांच्या हातात द्यायचा की सगळं स्वच्छ.

दुपारी काका आणि दोघे माझ्या टेबलाशी आले. केबिनमध्ये जातोच आहेस तर आमचंही घेऊन जा म्हणाले; तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. नाही म्हणायला हवं होतं. पण काकांनी उशी दिलेली होती. लिहिलं. पहिला मुद्दा, कोणाला काढू नये. दुसरा, यंत्र आणलंच तर ते चालवायला काकांनाच शिकवावं. असे पाच मुद्दे. पाचही तीनदा तपासले. सहावा मुद्दा काका सांगायला लागले तेव्हा त्यांचा आवाज जरा घोगरा झाला. मला वाटलं, काउंटरवर कोणीतरी आलंय. उठून बघून आलो. कोणी नव्हतं. तोवर काकांनी सहावा मुद्दा स्वतःच लिहून टाकला होता, त्यांच्या कोंबडीच्या पायांनी. सगळे सह्या करत होते. मी पण केली.

दाजींना फोनवर सल्ला विचारला. म्हणाले, मेव्हणे, एकच करा. समोरचा माणूस बोलायचं थांबेपर्यंत खुर्चीतून उठू नका. मी म्हटलं, हे काय सांगणं झालं?

१४ मार्च, गुरुवार. दुपारी १२.३०

भेट झाली. अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली.

डाव्या खिशात माझा कागद, उजव्यात काकांचा. मालकांनी बसायला सांगितलं. विचारलं, किती वर्षं झाली तुला? मी म्हटलं, सहा. म्हणाले, एक अक्षर चुकवलं नाहीस. मी म्हटलं, एक, पण त्याची चिठ्ठी आहे. मालक हसले. म्हणाले, खरं सांगू, शाखा काढायचं मनात आलं तेव्हा डोळ्यासमोर पहिला तूच आलास. कोरीव कामाला तू, गिऱ्हाइकाशी तू, सगळ्याला तूच.

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

मग मालकांनी चष्मा काढला. पुसला. टेबलावर ठेवला. म्हणाले, पण.

तेवढ्यात मला आठवलं की माझ्या टेबलावर एक पाटी क्लॅम्पमध्ये तशीच राहिलीय. मी उठलो, आभार मानले, कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि बाहेर आलो. पाटी व्यवस्थित होती.

मुख्य वाक्य मिळालं होतं. डोळ्यासमोर पहिला तूच. त्यापुढे माणूस काय बोलणार?

दुपारी २.००

डाव्या खिशात माझा कागद अजून आहे.

दुपारी २.०५

म्हणजे काकांचा ठेवला गेला. माझ्या अक्षरातला. माझी सही सर्वांत वर आहे. सगळ्यांनी माझ्यासाठी तेवढी जागा मोकळी सोडली होती.

परत केबिनमध्ये जाऊन बदलून आणावा का? मालक फोनवर आहेत. आता फोनवर नाहीत. आता जेवताहेत.

उद्या बघू.

१५ मार्च, शुक्रवार

मी उगाच घाबरलो होतो. मालकांनी सकाळीच काकांना बोलावलं आणि कागद परत दिला. खाली लिहिलंय: सहाही मुद्दे मान्य. यंत्र राहील, काका ते चालवतील, कोणी जाणार नाही. काकांनी कागद खिशात ठेवला आणि पाच मिनिटं ते एकच ट्रॉफी पुसत राहिले. ती आधीच पुसलेली होती. मग म्हणाले, पोरा, नातीची शाळा वाचली माझ्या.

मी जरा बाहेर जाऊन आलो.

आता शाखेत अडचण काहीच उरली नाही. मालक एवढे प्रसन्न असताना तर नाहीच. आईला सांगितलं, नक्की. आईने ताईला सांगितलं. ताईने दाजींना सांगितलं. दाजींनी फोनवर विचारलं, मालक शेवटी काय म्हणाले? मी म्हटलं, तूच पहिला. दाजी म्हणाले, ते सुरुवातीला म्हणाले ना? शेवटी काय म्हणाले? नेटवर्क नीट नव्हतं. ठेवून दिला.

पांढरा शर्ट पुन्हा इस्त्री केला.

१६ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.४०

सकाळी टेबलावर ऑर्डरची चिठ्ठी होती. पितळी पाटी, बारा इंच बाय चार. अक्षर मालकांचं. अर्जंट, आज संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या ओळीत: शाखाप्रमुख. पहिल्या ओळीत काउंटरताईचं पूर्ण नाव.

चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

काकांना दाखवली. काका म्हणाले, हो, मालकांनी तुला परवाच सांगितलं ना केबिनमध्ये? मी म्हटलं, कशाबद्दल ते तुम्ही सांगा, म्हणजे ताडून पाहतो. काका म्हणाले, अरे, शाखा तुलाच देणार होते, पण काल कागद देताना मला म्हणाले, एवढा बेडर माणूस नजरेआड ठेवायचा म्हणजे उद्या तिथल्या चार जणांना घेऊन तो आणखी कुठला सिनेमा दाखवेल कोण जाणे. तरी त्यांचं मन पुढेमागे होत होतं. मग आमचा सहावा मुद्दा वाचला आणि म्हणाले, चला, सगळ्यांचीच इच्छा आहे तर इथेच राहू दे.

मी विचारलं, सहावा मुद्दा?

काकांनी खिशातून कागद काढला. घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला होता. सहावा मुद्दा: ज्याने आमच्यासाठी तोंड उघडलं त्याला शाखेत किंवा इतरत्र कुठेही पाठवू नये. तो कायम आमच्यातच राहावा. खाली सह्या. सर्वांत वर माझी.

काका म्हणाले, तू सही केलीस ना, तेव्हा मला भरूनच आलं. स्वतःच्या बढतीवर पाणी सोडलंस, आणि कपाळावर साधी आठी नाही. मी म्हटलं, त्यात काय एवढं.

डाव्या खिशातला कागद अजून होता. आत नेऊन देता आला असता. सगळं स्वच्छ झालं असतं: मला काही माहीत नव्हतं, माझा काही हेतू नव्हता, मी बेडर नाही. शाखा कदाचित मिळाली असती. मग मालकांना कळलं असतं की घाबरण्यासारखं कोणी नव्हतंच, आणि यंत्राशी दुसरा कोणी उभा राहिला असता. काका पलीकडे सकाळीच बसवलेल्या यंत्राचं बटण लहान मुलासारखं चालू-बंद करून पाहत होते.

कागदाचे चार तुकडे केले. तुकडे भंगाराच्या डब्यात. एका तुकड्यावर 'नम्र' एवढंच दिसत होतं, तो खाली दाबला.

दुपारी पाटी घेतली. काउंटरताई समोरच येऊन बसली. पाटी हातोहात घेऊन जायची होती तिला. मी कोरत होतो तोवर म्हणाली, मला तुमचं कौतुक वाटतं, मला नसतं जमलं. त्या दिवशी सिनेमात मला मध्येच उठून जावंसं वाटत होतं, इतकी धाकधूक झाली, पण म्हटलं, तुम्ही नऊ वेळा बसलात, मला एकदा बसायला काय झालं. मी मान हलवली. तिला आणखी खूप बोलायचं होतं आणि उठायला मला काही कारण मिळत नव्हतं. पितळेवर सुरुवात केली की मध्ये हात सोडता येत नाही, रेघ तुटते. पूर्ण दीड तास बसलो. तिची सगळी हकीकत ऐकली. ती तीन वर्षांपूर्वीच शाखेसाठी मालकांकडे बोलली होती, हेही कळलं.

पाटी चांगली झाली. तीनदा तपासली. एकही चूक नाही.

उद्या पाच वाजता शाखेचं उद्घाटन. काउंटरताईने यायचा आग्रह केला. येतो म्हणालो. साडेपाचला निघावं लागेल, तेही लगेच सांगून ठेवलं.